घरात कोण कोण असतं

१

कुत्रा कोणाला द्यायचा तर आधी आम्ही त्यांचं घर बघून येतो. माझी वहिनी याला स्थळ बघणं म्हणते. घराला कुंपण आहे का, गच्चीचा कठडा किती उंच आहे, उन्हाळ्यात सावली कुठे पडते, हे सगळं मी बघते. माणसं मात्र मावशी बघते.

मावशी ही आमच्याकडची सगळ्यांत जुनी कुत्री. रंग धड तपकिरी नाही, धड काळा नाही, आणि एका कानाला खाच आहे. तिला न्यायला पुष्कळ लोक तयार होते, पण मी दिली नाही. तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही. घरभेटीला गेलो की ती दारातून आत जाते आणि घरातल्या एकेकाला भेटून येते. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला नाक लावते, लहान मुलाचं कोपर चाटते, म्हाताऱ्या माणसाच्या पावलावर हनुवटी टेकवते. सगळ्यांना भेटून झालं की येऊन माझ्या पायाशी बसते. कोणी भेटायचं राहिलं असेल तर बसत नाही. घरातला एखादा बाहेर गेला असेल तर त्याच्या चपला हुंगून दाराशी ताटकळत उभी राहते.

ही तिची सवय माझ्या फार उपयोगी पडते, कारण लोक खोटं बोलतात. "घरात कोण कोण असतं?" असं मी विचारते आणि लोक हसतमुखाने सगळ्यांची नावं सांगतात. कुत्र्याच्या नावाने बोटं मोडणारे आजोबा तेवढे यादीतून गळतात. एका घरात मावशी बसेचना. शेवटी न्हाणीघराचं दार नाकाने ढकलून तिने आत बादलीवर बसवून ठेवलेल्या सासूबाई शोधून काढल्या. "तुमची माणसं गेली का?" असं त्यांनी मावशीलाच विचारलं. त्या घराला मी कुत्रा दिला नाही. माणूस लपवणाऱ्या घरात कुत्रा द्यायचा नाही हा माझा नियम आहे, आणि तो मी मोडत नाही.

जिथे देते तिथे निघताना दारात एकच वाक्य बोलते. "जमलं नाही तर सोडून देऊ नका. कळवा, मी न्यायला येईन." वर्षानुवर्षं बोलून ते इतकं गुळगुळीत झालंय की वहिनी माझ्या मागे उभी राहून ओठांनी ते पुटपुटते.

२

गप्पूला कोणीतरी आमच्या फाटकाला बांधून गेलं होतं. पूर्वी टायरांचं गोदाम होतं त्या जागेत आम्ही कुत्री ठेवतो, आणि सकाळी फाटक उघडताना रोज मनात धाकधूक असते. तो भुंकला नाही, रडला नाही, म्हणून वहिनीने त्याचं नाव गप्पू ठेवलं.

त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा होता. पिल्लू असताना कोणीतरी तो बांधला आणि विसरून गेलं. कुत्रा वाढला, पट्टा वाढला नाही. तो मांसात रुतून बसला होता आणि बक्कल तर गंजून कातडीखाली गेलं होतं. मानेजवळ हात नेला की गप्पू असा झटके द्यायचा की जखम आणखी फाटायची. डॉक्टरांनी भूल देऊन बघितली, तर औषध पुरतं गेलंही नव्हतं आणि त्याचा श्वास थांबत आला. डॉक्टर घामाघूम झाले.

"पुन्हा भूल देणार नाही मी," ते म्हणाले. "आणि धरून-बांधून कापायला गेलो तर कुठली शीर तुटेल सांगता येत नाही. त्याने स्वतःहून हात लावू दिला तर काहीतरी करता येईल. नाहीतर हा पट्टा त्याला हळूहळू मारणार."

"किती हळू?" मी विचारलं.

"फार हळू नाही."

त्याच आठवड्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, बोटांना डिंकाचे पापुद्रे, अंगात जुना राखाडी कोट. वाचनालयांची फाटकी पुस्तकं त्या घरीच शिवून, बांधून देत. "फार नाचणारा नको," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सुटे कागद असतात. एकदा उडाले की कुठलं पान कुठल्या पुस्तकाचं, पत्ता लागत नाही."

मी त्यांना एक शांत म्हातारा कुत्रा दाखवायला नेत होते. वाटेत गप्पूचा कोपरा लागतो. तो कायम पाण्याच्या टाकीमागे भिंतीला तोंड करून असायचा. त्या दिवशी तो बाहेर आला आणि जाळीतून नाक काढून बाईंच्या कोटाची बाही हुंगू लागला. कितीतरी वेळ हुंगत होता. मग त्याने मान खाली घालून ती बाहीला टेकवली. तीच मान.

वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. बाई हलल्या नाहीत.

"हा कोट घरी मागच्या खोलीत टांगलेला असतो," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, सांगायला दुसरं काही नसलं की माणसं बोलतात तसलं ते बोलणं असेल.

३

घर पहिल्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, एकामागे एक. पहिल्या खोलीत कामाचं टेबल, लाकडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं, खळीचा आंबूस वास. मधल्या खोलीत स्वयंपाक आणि पलंग. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं.

"घरात कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी एकटीच."

मावशीने बाईंच्या गुडघ्याला नाक लावलं. आता ती येऊन बसणार म्हणून मी पाय सरकवून जागासुद्धा केली. पण ती माझ्याकडे न येता मधल्या खोलीतून सरळ मागे गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

मागची खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे अगदी रिकामी: एक खिडकी, एक खुंटी, फरशी, आणि फरशीवर दुपारचं ऊन. मावशी त्या उन्हाच्या कडेला थांबली. तिचं शेपूट हळूहळू हलत होतं. तिने कोणाच्या गुडघ्याला नाक लावलं नाही, कोपर चाटलं नाही, पावलावर हनुवटीही टेकवली नाही. तिने पुढचे पाय पसरले, पोट फरशीला लावलं आणि त्या पायांमध्ये डोकं ठेवलं. मग तिचे कान मागे पडले आणि डोळे मिटले. डोक्यावरून हात फिरला की कुत्री करतात तसं.

मी तिला हाक मारली. माझ्या एका हाकेला ती जेवण टाकून येते. आता ती आली नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाइपचं पाणी पत्र्यावर वाजत होतं, आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. चौकट का धरली होती ते मला ठाऊक नाही.

मग ती उठली, अंग झटकलं आणि येऊन माझ्या पायाशी बसली. म्हणजे तिच्या मते सगळ्यांची भेट झाली होती.

४

मी मुळात संशयी बाई. देवाधर्माची नाही आणि भुताखेतांचीही नाही. जे दिसतं ते आधी झटकून, उलटंपालटं करून बघते. मी त्या खोलीच्या भिंती बोटांनी वाजवल्या. खिडकीतून वाकून बघितलं, तर खाली सरळ भिंत, पाय ठेवायला वीटभर जागा नाही. पलंगाखाली बघितलं. न्हाणीघर बघितलं, तिथली बादलीसुद्धा बघितली.

बाई टेबलाला टेकून शांतपणे माझा हा सगळा खटाटोप बघत होत्या.

"बाई, घरात आणखी कोण आहे?"

"कोणी नाही, ताई."

"आमची कुत्री खोटं बोलत नाही."

"मीही बोलत नाही." त्यांनी बोटाचा डिंक खरवडला. "त्या खोलीत उजेड छान येतो. मी पहिल्यांदा टेबल तिथेच लावलं होतं. पण तिथे बसलं की हात थांबतात. सुई हातात तशीच राहते आणि संध्याकाळ होते. वाईट वाटत नाही हो. उलटच. पण काम होत नाही, म्हणून टेबल पुढे आणलं."

मला राग आला. राग आला की मी नियम पुढे करते. माणूस लपवणाऱ्या घरात कुत्रा द्यायचा नाही, असं मी तोंडावर सांगितलं आणि जिना उतरले. घाबरून नकार दिला असं कोणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. आज भांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या फाटकाशी आल्या. हातात तो कोट होता. "मला नका देऊ," त्या वहिनीला म्हणाल्या, "पण हा त्याच्याजवळ राहू दे."

गप्पू त्या कोटावर झोपला. आमच्याकडे आल्यापासून तो झोपलेला आम्ही पाहिलाच नव्हता; बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा तेवढंच. आता तो बाहीवर मान टाकून घोरायला लागला. पाणी प्यायला लागला, वाटीतलं खायला लागला. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मी कानाडोळा केला.

पण कोटाचा वास आमच्या गोदामात किती टिकणार? शंभर कुत्र्यांचा वास, फिनेल, ओलं पोतं. हळूहळू गप्पू बाही हुंगून मान उचलायला लागला आणि इकडेतिकडे बघायला लागला. मग खाणं सुटलं. मग पाणी. पट्ट्याखालून पिवळं पाणी गळायला लागलं आणि टाकीजवळ गेलं की दुर्गंधी यायची.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुमच्या नियमाला काय बिलगून बसणार आहे का तो?"

"तिथे काहीतरी आहे, वहिनी."

"मग? इथे काय आहे?"

ती हे चिडून म्हणाली असती तर मी उलट उत्तर दिलं असतं. ती रडत होती.

५

गप्पूला त्या कोटासकट पेटीत घालून आम्ही तिघी निघालो, मी, वहिनी आणि मावशी. बाईंनी दार उघडलं आणि काहीही विचारलं नाही. वहिनीला मी खाली गाडीशीच थांबायला सांगितलं होतं. तिला कशापासून लांब ठेवत होते ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

पेटीचं दार उघडलं की गप्पू नेहमी आणखी आत सरकायचा. तिथे तो स्वतःहून बाहेर आला. पाय लटपटत होते. टेबलाच्या पायाला एकदा धडकला. बाईंच्या जवळून गेला तेव्हा त्याने त्यांच्याकडे बघितलं, पण थांबला नाही. मधल्या खोलीतून मागे गेला. आम्ही दोघी त्याच्या मागून गेलो आणि दारातच थांबलो. आत जायला कोणी मना केलं नव्हतं, तरी थांबलो. मावशी उंबऱ्यावर, माझ्या पायापाशी उभी राहिली.

खिडकीतून ऊन येत होतं. शेजारी कोणीतरी रेडिओ लावला होता, बातम्या चालू होत्या. सगळं जागच्या जागी होतं. भयंकर काही होणार असेल तर आधी रेडिओ बंद पडेल, ऊन विझेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तसलं काही झालं नाही.

गप्पू उन्हाच्या कडेला उभा राहिला आणि त्याने मान पुढे केली.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याचे केस राठ आणि विस्कटलेले, कायम उभे. ते दोन कानांच्या मधे आडवे झाले. वाऱ्याने होतात तसे भुरभुरले नाहीत. दाबले गेले. मग ती दाबलेली जागा मागे सरकली, मानेवरून, पट्ट्यावरून, सावकाश, कुठेही न अडखळता. गप्पूने झटका दिला नाही. त्याच्या तोंडून एक आवाज आला, नुकत्या जन्मलेल्या पिल्लासारखा. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

हात म्हणावा तर तो तळहाताएवढा नव्हता. गप्पूच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत सगळे केस एकाच वेळी खाली बसले होते. आणि मग मी पायाशी बघितलं. मावशीच्या पाठीवरचे केसही बसले होते. खोलीच्या मध्यापासून उंबऱ्यापर्यंत सात-आठ पावलांचं अंतर होतं, आणि दोघांच्या पाठीवरून तीच एक हालचाल, त्याच संथपणे, शेपटाकडे सरकत होती.

माझ्या शेजारी बाईंनी श्वास आत ओढला. त्यांच्या कपाळावरची पांढरी बट चापून बसली होती.

मग माझ्या मानेवर, केस बांधल्यावर खाली सुटतात ते बारीक केस, ते आडवे झाले.

मी घाबरले का? घाबरले. पण पळावं असं वाटलं नाही. इतकं मोठं काहीतरी इतक्या हलक्या हाताने वागतंय, याच्यापुढे माझी सगळी हुशारी गळून गेली. आयुष्यात मी कोणापुढे मान वाकवली नव्हती, नवऱ्यापुढे नाही की नगरपालिकेपुढे नाही. ती मी पुढे केली. गप्पूने केली होती तशीच.

फरशीवर काहीतरी टपकन पडलं.

६

डॉक्टर संध्याकाळी तिथेच आले. मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की पट्टा निघालाय. ते कात्र्या, टाके, सलाईन असं सगळं घेऊन धावत जिना चढले. गप्पू मागच्या खोलीत आडवा पसरून झोपला होता. डॉक्टरांनी त्याची मान दोन्ही हातांनी उचलली, केस बाजूला केले, बॅटरी लावून बघितलं. गप्पूने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

पट्टा होता तिथे गोल गुलाबी चर होता. कोरडा. रक्ताचा थेंब नाही.

डॉक्टरांनी फरशीवरचा पट्टा उचलला. उलटा केला, सुलटा केला.

"हा कापलेला नाहीये," ते म्हणाले.

"नाही."

"बक्कल उघडलंय. हे बक्कल मी चिमट्याने हलवायला गेलो होतो, ते गंजून दगड झालं होतं." त्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणी काढला?"

बाई आपल्या बोटांकडे बघत होत्या.

"घरातल्यांनी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. टाक्यांसाठी काढलेल्या सुईचं टोक हवेत धरून ते किती वेळ तसेच उभे होते कोण जाणे. सुई त्यांनी आपल्या बॅगेत परत ठेवली, मलम दिलं आणि घाईने निघून गेले. जिन्यात ते एकदा थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पावलं पुन्हा खाली गेली.

वहिनीला तोवर दम निघत नव्हता, ती वर आली. दारातूनच तिने झोपलेल्या गप्पूची उघडी मान बघितली आणि पदर तोंडाला लावून तिथेच बसली. तिला मी काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, आणि आमच्या वहिनीच्या बाबतीत हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य होतं.

गप्पूला तिथेच ठेवायचं हे आता बोलायचीही गरज नव्हती. बाईंनी खळीचं एक जुनं पातेलं घासून त्यात पाणी भरलं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. कोट पुन्हा खुंटीला टांगला, या वेळी बाही जमिनीला टेकेल इतका खाली.

मी निघाले. दारात आले आणि सवयीने वळले. वहिनी माझ्या मागे उभी राहून ओठ हलवायला तयार होती.

"जमलं नाही तर," मी बाईंना म्हणाले, आणि तेवढ्यात माझी नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तीन उघडी दारं एका रेषेत, शेवटी तो उन्हाचा तुकडा, आता लांबून तांबूस झालेला, आणि त्यात निवांत पडलेला गप्पू. न्यायला येईन? कोणाकडून न्यायला येणार होते मी? इतकी वर्षं फाटकाला बांधून गेलेली जनावरं सोडवताना मला वाटत आलं होतं की सगळ्यांच्या शेवटी उभी आहे ती मी. माझ्या पलीकडे कोणी नाही. म्हणून तर मला झोप लागत नाही.

बाई वाट बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

"सोडून देऊ नका," मी म्हणाले. 'त्याला' म्हणायचं होतं. तोंडातून गेलं, "आम्हाला."

वहिनीचे ओठ थांबले. आतून गप्पूचं शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. माझ्या मानेवरचे केस कोणीतरी नीट करावेत तसे सावकाश खाली बसले.

मावशी आतून आली, अंग झटकलं आणि माझ्या पायाशी येऊन बसली.